सेल्फ फिरतोय ना? मग बॅटरी बदलू नका

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. आणि गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. उन्हात उभी नसताना ते कोमट लागलं, तर गाडी तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलेली असणार. गरम इंजिन बरीच दुखणी झाकतं.

गाडी चालू होत नाही, या तक्रारीत दोन वेगळी दुखणी असतात. एकात सेल्फच फिरत नाही, नुसता टक् आवाज येतो. दुसऱ्यात सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. दुसऱ्या दुखण्यावर नवी बॅटरी घालणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं, तरी ती सर्रास घातली जाते.

सेल्फ फिरत नसेल तर आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. मग मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाल्यावर आकडा 14 च्या आसपास चढायला हवा. चढला नाही तर दोष चार्जिंगचा. नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल.

सेल्फ फिरून इंजिन पकडत नसेल तर पेट्रोल किंवा करंट, यातलं काहीतरी पोहोचत नाही. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत चावी ‘ऑन’ केली की मागच्या सीटखालून पंपाची एक-दोन सेकंदांची घरघर ऐकू येते. ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासायचे. इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलू लागला, तरी गाडी छळते. थंड इंजिन गरम आहे असं त्याने कळवलं की पेट्रोल कमी सुटतं आणि सकाळी सेल्फ मारून मारून जीव जातो.

आयडलिंगचं दुखणं जास्त फसवं. सिग्नलला पाय उचलला की गाडी बंद पडते. कोणी रेसचा स्क्रू पिळून देतो आणि काम झालं म्हणतो. हा इलाज नव्हे, दोष झाकणं आहे. खरं कारण बहुधा थ्रॉटलच्या झडपेभोवती साचलेला काळा कार्बन किंवा तडकलेला व्हॅक्यूम पाइप असतं. पाइप तडकला असेल तर कान देऊन ऐकल्यास सूंऽ असा आवाज येतो.

जुन्या मारुती 800 चं इंजिन तीन सिलिंडरचं. त्यातला एक मिसिंग झाला की स्टिअरिंगसकट सगळी गाडी थरथरते. इंजेक्शनच्या मॉडेलमध्ये मेकॅनिक एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघतो. जो काढल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला. मग त्याचा प्लग, वायर, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन बघायचं. कॉम्प्रेशन गेलं असेल तर खर्च इंजिन उघडण्याचा आहे. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.