वजन उतरविण्याचे मार्ग : ताट, सुई आणि शस्त्रक्रिया



या पानावर नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील नांग्या आणि तोडणीचा कार्यक्रम यांची माहिती दिली जाते. या अंकात जरा वेगळा विषय घेतला आहे. त्याचे कारण शहापूर गटात घडलेला एक प्रसंग. ऊस नोंदीसाठी आलेले एक सभासद सहज म्हणून खताच्या गोदामातील काट्यावर उभे राहिले. वजन भरले १०४ किलो. उंची पाच फूट पाच इंच, वय पन्नाशीच्या आत, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू. सगळे हसले, पण ते हसले नाहीत. बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ते आठवड्यातून एक डाव टोचायचं इंजेक्शन भंडाऱ्याले भेटते का? बिल आलं का चार महिने घेतो न् सोडून देतो."

मी शेतकी खात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु 'चार महिने घेतो आणि सोडून देतो' हे ऐकून राहवले नाही. जाणकार डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजले ते येथे देत आहे.

प्रथम हिशेब. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. आपल्या सभासदांचे १०४ भागिले १.६५, पुन्हा भागिले १.६५, म्हणजे सुमारे ३८. आपल्या लोकांच्या पोटावर चरबी लवकर साठते व मधुमेहही लवकर जडतो, म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. काटा नसेल तर शिंप्याची टेप पुरे. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की तपासणी करून घ्यावी.

आता ताटाकडे वळू. आपल्या विदर्भात ही चर्चा जुनी आहे. काटोलचे माजी आमदार डॉ. श्रीकांत जिचकार हे दिवसातून दोनदाच जेवावे असे व्याख्यानांतून सांगत. २००४ साली रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्याच विचारावरून पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ही पद्धत महाराष्ट्रभर नेली : खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवण, मध्ये काही नाही, आणि रोज ४५ मिनिटे चालणे. दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे सांगणारे आहारतज्ज्ञही आहेत. माझ्या मते आपल्याकडील अडचण वेळापत्रकापेक्षा भाताच्या ढिगाची आणि दिवसभराच्या गोड चहाची जास्त आहे. पूर्वी बांधीत चिखलणी करणाऱ्या माणसाला तीन वेळचा भात जिरत असे. आता चिखलणी ट्रॅक्टर करतो, बांधापर्यंत मोटारसायकल जाते, ताट मात्र तेवढेच राहिले. एक खबरदारी : मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण तोडू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस शेतातच कोसळू शकतो.

आहाराने काहीच होत नाही असे समजू नका. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, मधुमेह जडून सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचेच अन्न देखरेखीखाली दिले. वर्षभरानंतर त्यांतील ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. अडचण उतरविण्यात कमी आणि टिकविण्यात जास्त आहे. ऊसवाल्याला हे सांगणे सोपे. ऊस तोडला म्हणून बुडखा मरत नाही. पाणी मिळाले की खोडवा फुटतो. शरीराचेही तसेच. वजन उतरले की भूक वाढविणारी संप्रेरके वाढतात आणि शरीर कमी ऊर्जेत काम भागवू लागते. गेलेले वजन परत आणण्याचा शरीराचा हा प्रयत्न असतो. म्हणून 'अमुक माणसाला जिभेवर ताबा नाही' असे बोलून मोकळे होऊ नये.

आता सुईकडे. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक निघते व मेंदूला 'पुरे' असा निरोप पोचतो. त्याच्यासारखे काम करणारी ही औषधे आहेत. २०२५ साली भारतात मार्चमध्ये टिरझेपाटाइड 'मोन्जारो' नावाने आणि जूनमध्ये सेमाग्लूटाइड 'विगोव्ही' नावाने आले. दोन्ही आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचायची. मोठ्या चाचणीत सेमाग्लूटाइडने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटले. टिरझेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. आपल्या सभासदांच्या १०४ किलोतून पहिल्या औषधाने अदमासे १५-१६ किलो, दुसऱ्याने २१-२२ किलो असा हिशेब पडतो. हे आकडे आहार-व्यायामाच्या जोडीने आलेले आहेत, नुसत्या सुईचे नव्हेत.

पण सेमाग्लूटाइड बंद केलेल्या लोकांना पुढे वर्षभर पाहिले तेव्हा, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. म्हणजे १५ किलो उतरले तर १० किलो परत. शिवाय मात्रा हळूहळू चढवीत न्यावी लागते, पूर्ण मात्रेला पोचायलाच चार महिने जातात. म्हणजे आपले सभासद जेथे थांबणार होते, तेथे औषध नीट सुरू होते! ही सुई रक्तदाबाच्या गोळीसारखी दीर्घकाळाची समजावी आणि खर्चाचा हिशेब एका गाळपाच्या बिलावर न धरता वर्षानुवर्षांचा धरावा.

मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, पित्ताचे खडेही होतात. घरात थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास असेल त्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी हे औषध घ्यायचे नाही. चरबीबरोबर स्नायूही उतरतात, म्हणून डाळ, अंडी, मासळी पोटात गेली पाहिजे आणि अंगमेहनत चालू ठेवली पाहिजे. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून टोचून घेणे म्हणजे माती न तपासता एकरी चार पोती युरिया ओतण्यासारखे आहे.

गोळ्यांमध्ये ऑर्लिस्टॅट हे मान्य औषध आहे. ते जेवणातील सुमारे ३० टक्के चरबी न पचता बाहेर जाऊ देते. वजन थोडेच उतरते, आणि तेलकट खाल्ले तर धोतर खराब होण्याची पाळी येते. आठवडी बाजारात मिळणाऱ्या 'पंधरा दिवसांत दहा किलो'च्या पावडरीपासून मात्र लांब राहा. सिब्युट्रामीन या औषधावर हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ साली बंदी आली. वजनाच्या 'जडीबुटी'त ते लपवून मिसळल्याचे प्रकार जगभर सापडले आहेत.

शस्त्रक्रियेची आपल्याकडे चर्चा झाली ती २०११ च्या सप्टेंबरात. नागपूरचे नितीन गडकरी, तेव्हा त्यांच्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष, यांनी मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर सभेत, आपले वजन पूर्वी १३५ किलो होते व आता ९३ आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले आणि तेथील खासदारांना वजन उतरविण्याचे आव्हान दिले. दहा वर्षांनंतरही वजन खाली राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुख्य प्रकार दोन. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. भुकेचे ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः कापलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. 'बायपास'मध्ये जठराची दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी ठेवून ती पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेहावर याचा परिणाम अनेकदा काही दिवसांतच दिसू लागतो. दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून होतात. वजन साधारण २५ ते ३० टक्के उतरते. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी हे धोके आहेत. ते थोड्यांनाच होतात, पण होतात. म्हणून अशा शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालयच पाहावे. चरबी ओढून काढणे, म्हणजे लायपोसक्शन, हा आकार सुधारण्याचा प्रकार. त्याने मधुमेह हलत नाही. जठरात पाण्याचा फुगा ठेवण्याचीही पद्धत आहे, परंतु फुगा साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो आणि मग पुन्हा खोडव्याचीच गोष्ट.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ अन्न. पुढे आयुष्यभर घास-घास चावून थोडे खाणे, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व दरवर्षी रक्ततपासणी. हे सोडले तर पंडुरोग आणि हाडांची झीज ठरलेली. बिडी व खर्रा आधीच बंद करावा लागतो. मोहाची दारूसुद्धा पूर्वीपेक्षा फार लवकर चढते. आणि आपल्या धंद्याच्या दृष्टीने चमत्कारिक गोष्ट : बायपास झालेल्या माणसाने गुऱ्हाळावर उभे राहून ग्लासभर उसाचा रस घेतला, तर साखर एकदम आतड्यात उतरून घाम, धडधड, चक्कर येते. कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहावे की नाही याचा मी विचार केला. पण सवलतीच्या साखरेचे पोते घरी आले म्हणजे ते एकट्याने संपवावे असा ठराव कोणत्याही वार्षिक सभेत झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅम ठेवण्यास सांगितले आहे. गुळालाही हाच हिशेब.

शस्त्रक्रिया कोणाला? आपल्याकडे डॉक्टर बहुधा बीएमआय ३७.५ च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५ च्या वर, असा विचार करीत आले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करण्यास मोकळीक दिली. आरोग्य विम्याची रेषा मात्र वेगळी : बीएमआय ४०, किंवा ३५ व सोबत ताब्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणे यांपैकी काही, आणि आधी इतर उपाय करूनही गुण न आलेला. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला ३५ म्हणजे ९५ किलो आणि ४० म्हणजे १०९ किलो.

आपले सभासद गेल्या पंधरवड्यात पत्नीला सोबत घेऊन नागपूरला जाऊन आले. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, थायरॉइडची व यकृताची तपासणी लिहून दिली आहे, घोरण्याबद्दल विचारले आहे आणि तीन महिने आहार-चालण्याची नोंदवही ठेवण्यास सांगितले आहे. सुई की शस्त्रक्रिया हे त्यानंतर ठरेल. वही आमच्याच गट ऑफिसातून नेली. ज्यांना तशी वही हवी असेल त्यांनी नोंदीच्या दिवशी मागून घ्यावी. गोदामातील काटाही सकाळी मोकळा असतो.

— ऊस विकास अधिकारी