सकाळी साडेदहाचा उल्कावर्षाव

‘तारा तुटला’ असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर तुटतो तो धूमकेतू, आणि त्याचा चुरा आपल्या डोक्यावर जळतो. अशाच एका तुटलेल्या धूमकेतूच्या नादात मी आमच्या कारंजा लाडमध्ये अख्ख्या गल्लीला मध्यरात्रीपर्यंत जागवलं होतं. त्या फजितीतून जे शिकलो, ते तुमच्या कामी यावं म्हणून हा लेख.

गोष्ट ३० मे २०२२ ची. बारावीची परीक्षा संपलेली, सीईटी पुढे, आणि विदर्भातला उकाडा म्हणजे काय सांगावं! सगळी गल्ली गच्चीवर झोपायची. मोबाईलवर एक मेसेज फिरत होता, ‘३० आणि ३१ मेच्या रात्री ताशी हजार उल्का!’ मी तो वाचला आणि घरोघरी सांगत सुटलो. लोकांनी विश्वासही ठेवला, कारण त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, २ एप्रिलला, विदर्भात ठिकठिकाणी आकाशातून जळत जाणारी एक रांग दिसली होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर धातूचं भलंमोठं कडं सापडलं. ती उल्का नव्हती. चीनच्या रॉकेटचा वापरून झालेला टप्पा वातावरणात शिरून जळाला असावा, असं जाणकारांनी सांगितलं. पण आमच्या गल्लीला वाटलं, आता तसंच काहीतरी पुन्हा दिसणार.

सगळ्यात जास्त उत्साह होता आजीला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. “नव्या डोयानं पायतो,” म्हणून ती संध्याकाळपासूनच गादी टाकून बसली.

आता हा धूमकेतू कोणता ते सांगतो. श्वासमान आणि वाखमान या दोघांनी १९३० साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या वेधशाळेतून तो शोधला. दोघांच्या जोडीने सापडलेला हा तिसरा, म्हणून नाव श्वासमान-वाखमान ३. सुमारे ५.४ वर्षांत तो सूर्याभोवती एक फेरी मारतो. १९९५ साली तो अचानक कित्येक पटींनी उजळला, कारण त्याचे तुकडे झाले होते! २००६ च्या मे महिन्यात तो पृथ्वीपासून सव्वा कोटी किलोमीटरच्या आत आला, तेव्हा दुर्बिणींना साठाहून जास्त तुकडे दिसले.

धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडे यांचा ढिसूळ गोळा. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होते आणि धूळ सुटते. ही धूळ धूमकेतूच्याच कक्षेत, काही पुढे तर काही मागे, अशी माळेसारखी पसरत जाते. पृथ्वी त्या माळेतून गेली, की कण वातावरणात शिरून साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर जळतात. हाच उल्कावर्षाव.

धूमकेतू फुटून वर्षाव होतो, हे जगाने आधी पाहिलं होतं. बिएलाचा धूमकेतू १८४६ साली दुभंगलेला दिसला. १८५२ मध्ये दोन्ही तुकडे आले, त्यानंतर गायबच! आणि २७ नोव्हेंबर १८७२ च्या रात्री युरोपात ताशी हजारो उल्का पडल्या. तेव्हा जर्मनीहून क्लिंकरफ्यूज यांनी थेट आपल्याकडे, मद्रास वेधशाळेच्या पॉगसन यांना तार केली, की बिएला पृथ्वीला घासून गेलाय, दक्षिणेच्या आकाशात शोधा. पॉगसन यांना डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे एक धूमकेतू दिसलाही, पण तो बिएलाच होता असं काही सिद्ध झालं नाही.

त्यामुळे २०२२ ची आशा अगदीच हवेतली नव्हती. पण त्यात एक ‘जर’ होता. मूळ धूमकेतू ऑगस्टमध्ये सूर्याजवळ येणार होता, आणि पृथ्वी त्याची वाट ओलांडणार होती मे अखेरीला. म्हणजे १९९५ चा चुरा पाच फेऱ्यांत धूमकेतूच्या बराच पुढे निघून आलेला असेल, तरच गाठ पडणार. त्यासाठी फुटताना कणांचा वेग ताशी ३५० किलोमीटरहून जास्त असायला हवा, असं नासाने आधीच सांगून ठेवलं होतं. वेग कमी असेल तर काहीच दिसणार नाही. मेसेजमध्ये ताशी हजार होते, हा ‘जर’ मात्र नव्हता!

असो. अमावास्या होती, चंद्राचा त्रास नाही. उल्का जिथून येताना दिसणार, ती जागा स्वाती ताऱ्याजवळ. आपल्या अक्षांशावर मेच्या शेवटी रात्री दहाला स्वाती जवळजवळ डोक्यावर असतो. सगळं जुळून आलेलं. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. एकूण उल्का दोन! पोरं म्हणाली, “काहून बे, कुठी हाये तुया पाऊस?” एकेक जण कूस बदलून झोपी गेला. आजी मात्र एक वाजेपर्यंत वर बघत होती. शेवटी म्हणाली, “माया डोयालेच दिसत नसन रे.” हे मला फार लागलं. चूक माझी, आणि दोष तिने डोळ्यांना दिला.

चूक कळली दुसऱ्या दिवशी. गणितानुसार गाठ पडायची वेळ होती ३१ मे, जागतिक वेळेनुसार पहाटे पाचच्या आसपास. त्यात साडेपाच तास मिळवा. सकाळचे साडेदहा! तेव्हा मी रेशनच्या रांगेत उभा होतो, डोक्यावर ऊन, आणि स्वाती पार क्षितिजाखाली. रात्र होती ती अमेरिकेत. तिथेही वादळ आलं नाही, पण उल्का नक्की आल्या. त्या ताशी काही डझनांच्या हिशेबात आणि बऱ्याचशा मंद होत्या. कारण हे कण सेकंदाला सुमारे १६ किलोमीटर वेगानेच शिरतात. सिंह राशीतल्या नोव्हेंबरच्या उल्का ७१ किलोमीटरने येतात. वेग कमी, की चमकही कमी. पण वेळ आणि दिशा शास्त्रज्ञांनी बरोबर सांगितली होती. साडेपाच तास मिळवायला विसरलो तो मी!

तेव्हापासून कुठल्याही उल्कावर्षावाची बातमी आली, की तीन प्रश्न विचारतो. भारतीय वेळेत तो किती वाजता? त्या वेळी उगमाची जागा आपल्या आकाशात वर असेल का? आणि चंद्र कुठे असेल? हिशेब दोन मिनिटांचा, पण तो केल्याशिवाय कुणाला जागवायचं नाही.

१४ डिसेंबर २०२३ ला हा हिशेब जुळला. मिथुन राशीतल्या उल्कांचा भर रात्री साडेबाराच्या सुमारास, मिथुन वर चढलेली, अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले. घरी गेलो, आजीला गोधडीत गुंडाळून गच्चीवर बसवलं आणि वही घेतली. एका तासात ३८! त्यातल्या सात मला दिसल्याच नाहीत, आजीने बोट करून सांगितल्या. “डोये बरे हायेत म्हन्जे,” ती म्हणाली.

तर मित्रांनो, ऑगस्टमधल्या ययातीच्या उल्का आपल्याकडे बहुधा ढगांत जातात. पण डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या उल्का दरवर्षी येतात, आणि रात्री दोनला मिथुन जवळजवळ डोक्यावर असते. हॉस्टेलच्या गच्चीवर चादरी घेऊन चला. दुर्बीण नको. मोबाईल खिशात ठेवा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या. रेक्टर सरांची परवानगी काढायचं काम माझ्याकडे!