शेवटची दोन अक्षरं कोणत्या देशाची?

साकोली तालुक्यातल्या सानगडीचा धान उत्पादक मोबाइलवर सातबारा पाहतो तो महाभूमीच्या संकेतस्थळावर. पीएम किसानचा हप्ता जमा झाला का, हे तपासायचं स्थळ वेगळं. पण दोन्ही पत्त्यांचा शेवट एकच: ‘डॉट जीओव्ही डॉट इन’. यातलं ‘इन’ म्हणजे भारत. पोस्टाच्या पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा आणि सगळ्यात शेवटी देश येतो, तीच रीत इंटरनेटनेही उचलली.

देशांचे हे दोन अक्षरी कोड इंटरनेटवाल्यांनी मनाने ठरवलेले नाहीत. कोणता भूभाग देश मानायचा, हा वाद अंगावर न घेण्यासाठी इंटरनेटच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय यादीतली दोन अक्षरी संक्षिप्त रूपं वापरली. अपवाद आहेतच. त्या यादीत ब्रिटनचा कोड ‘जीबी’ आहे, पण तिथली संकेतस्थळं ‘यूके’ लावतात. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, तरी त्याचा ‘डॉट एसयू’ अजून चालू आहे!

भारताला ‘डॉट इन’ मिळालं १९८९ मध्ये. त्याची व्यवस्था आधी मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. २००५ पासून निक्सी ही संस्था ते काम पाहते आणि तेव्हापासून हे नाव सर्वांना खुलं झालं. २०१४ मध्ये देवनागरीतलं ‘डॉट भारत’ही आलं. त्यामुळे अख्खा पत्ता मराठी अक्षरांत लिहिता येतो. मराठी संस्थांनी या सोयीकडे अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मात्र कोडवरून देश कळतो, मालक कुठला ते कळत नाही. ‘डॉट टीव्ही’ हा प्रशांत महासागरातल्या तुवालूचा कोड. ‘डॉट एआय’ कॅरिबियन बेटांमधल्या अँग्विलाचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांची त्यावर अशी झुंबड उडाली की, २०२३ मध्ये या चिमुकल्या बेटाला सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले. ‘डॉट इन’सुद्धा जगात कुणीही पैसे भरून घेऊ शकतो.

म्हणून ‘इन’च्या आधी काय आहे, ते महत्त्वाचं. ‘जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारी यंत्रणांना मिळतं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हे राखीव नाव ठरवून दिलं.

फसवणारे नेमकं इथेच खेळतात. पत्त्याच्या मध्यात ‘जीओव्ही डॉट इन’ घुसवतात आणि शेवट भलताच ठेवतात. तेव्हा आधार क्रमांक किंवा ओटीपी टाकण्यापूर्वी ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत जा. कोड अनोळखी असेल, तर आयाना या संस्थेची संपूर्ण यादी इंटरनेटवर मोफत पाहता येते.