क्षेत्रीय कीडनोंदींचे ध्वनिमुद्रण : सॉफ्टवेअरची निवड कशी करावी?

कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळल्यास गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे मानले जाते. समजा, निरीक्षकाने 'सात' म्हटले आणि मोबाईलने 'साठ' लिहिले, तर शेतकऱ्यास गरज नसताना फवारणीचा सल्ला जाईल. क्षेत्रीय नोंदींसाठी सॉफ्टवेअर निवडताना मुख्य प्रश्न सोयीचा नसून विश्वासार्हतेचा आहे, तो याच कारणाने.

सन २००८ च्या हंगामात विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात 'क्रॉपसॅप' हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही कार्यान्वित केली. अशा सर्व यंत्रणांचा पाया बांधावर घेतलेली नोंद हाच असतो. एका हाताने झाड धरून दुसऱ्या हाताने अळ्या मोजणाऱ्यास लिहिण्यापेक्षा बोलणे सोपे जाते. म्हणून ध्वनिमुद्रण उपयुक्त ठरते.

मुद्रण आणि लेखन वेगळे ठेवावे

मोबाईलच्या कळफलकावरील बोलून लिहिण्याची सुविधा मराठीत उपलब्ध आहे. परंतु तीत मूळ आवाज आपल्याजवळ राहत नाही. चूक झाल्यास पडताळणीस आधार उरत नाही. यास्तव प्रथम आवाज जतन करणारे साधे ध्वनिमुद्रक ॲप वापरावे व लेखी रूपांतर नंतर करावे. बोलण्यासाठी १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकमार्गी मुद्रण पुरेसे असते. 'वेव्ह' स्वरूपात त्यास तासाला सुमारे ११५ मेगाबाइट जागा लागते. मात्र या मुद्रणात ८ किलोहर्ट्झपर्यंतचेच ध्वनी उमटतात. नाकतोड्यांच्या अनेक जातींचे आवाज त्याहून उच्च असल्याने कीटकध्वनींसाठी ४४.१ किलोहर्ट्झ किंवा अधिक दर निवडावा.

रूपांतराची साधने

ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले 'व्हिस्पर' मराठी ओळखते आणि संगणकावर इंटरनेटविना चालते. शांततेच्या जागी न बोललेली वाक्ये लिहिणे हा त्याचा ज्ञात दोष आहे. केंद्र शासनाच्या 'भाषिणी' उपक्रमातही भारतीय भाषांसाठी अशी साधने आहेत. बोली हा मात्र स्वतंत्र प्रश्न आहे. जबलपूरच्या चेरीतालमध्ये मुद्रणे ऐकताना मला तो वारंवार जाणवतो. येथे एकाच वाक्यात मराठी 'अळी' आणि हिंदी 'इल्ली' येतात. मराठी म्हणून लावलेले साधन अशा ठिकाणी अडखळते. शास्त्रीय नावांची तर बहुधा मोडतोडच होते.

आकडे अर्जातच भरावेत

'कोबोटूलबॉक्स' अथवा 'ओडीके' यांत इंटरनेट नसतानाही अर्ज भरता येतो, स्थान आपोआप नोंदवता येते, आवाज जोडता येतो आणि आकड्यांना मर्यादा घालता येते. सापळ्यातील पतंग, मीटर ओळीतील अळ्या, प्रादुर्भावग्रस्त बोंडे हे आकडे अर्जात टंकावेत. पिकाची अवस्था, हवामान, मित्रकीटक व शेतकऱ्याचे म्हणणे आवाजात ठेवावे.

निवडीपूर्वी घ्यावयाची चाचणी

१. आपल्याच शेतात, वारा व पंपाचा आवाज असताना दहा मिनिटांचे मुद्रण करावे.
२. त्यात सात, साठ, एकोणीस, एकोणतीस असे फसवे आकडे मुद्दाम उच्चारावेत.
३. लेखी रूप मूळ आवाजाशी ताडून चुकलेले आकडे व कीडनावे मोजावीत.
४. आवाज कोठे साठवला जातो व तो बाहेर काढता येतो का, हे पाहावे. शेतकऱ्याचा आवाज मुद्रित करण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी.

बोलताना प्रत्येक आकडा दोनदा, अंक सुटे करून सांगावा : 'एकोणतीस, दोन नऊ'. सल्ला देण्यापूर्वी निर्णायक आकडा मूळ आवाजात ऐकावा. हे काम एका मिनिटाचे आहे. चुकीच्या फवारणीचा खर्च मात्र शेतकऱ्यास सोसावा लागतो.