स्टिअरिंग समोर, धडधड छातीत

गाडी चालवायची भीती वाटते, अशी तक्रार घेऊन सरकारी दवाखान्यात कुणी येत नाही. केसपेपरवर लिहिलेलं असतं ते वेगळंच. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, चक्कर, 'गॅस होतो', झोप नाही. ईसीजी काढावा तर सरळ. रक्तदाब किंचित वर, साखर ठीक. मग अशा रुग्णाला जरा वेळ बाकड्यावर बसू द्यायचं आणि ओपीडीची गर्दी ओसरली की विचारायचं, हे नेमकं केव्हा होतं? घरी बसल्यावर होतं का? शेतावर होतं का? 'गाडीला चावी लावली की होतं,' हे वाक्य बाहेर पडायला कधीकधी तीन खेपा जातात.

डहाणू तालुक्यात गंजाडच्या बाजूच्या एका पाड्यावरचा टेम्पोवाला असाच आला होता. (ओळख पटू नये म्हणून इथल्या रुग्णांचे तपशील थोडे बदलले आहेत.) वय चाळिशीच्या आत, चौदा वर्षं गाडी चालवण्याचा हात. स्वतःचा 'छोटा हत्ती', त्याचा हप्ता चालू. चिकू, ढोबळी मिरचीची खोकी, गवत, लग्नातली भांडी, मिळेल ते भाडं मारायचा. पावसाळ्यात एके संध्याकाळी मनोरच्या बाजूने रिकामी गाडी घेऊन परतताना महामार्गाच्या दुभाजकातल्या कटमधून मोटरसायकल आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि कलंडली. मोटरसायकलवाला सुखरूप निघून गेला. याच्या कोपराला तीन टाके पडले. आठवड्यात टाके सुटले, पंधरा दिवसांत गॅरेजवाल्याने गाडी उभी केली. सगळे म्हणाले, नशीब चांगलं, थोडक्यात निभावलं.

पण निभावलं नव्हतं. पहिल्यांदा त्याने महामार्ग सोडला आणि आतले रस्ते धरले. मग संध्याकाळची भाडी नाकारू लागला, मग पावसातली. मग गाडी भाच्याच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसू लागला. काही दिवसांनी शेजारी बसूनही तळहाताला घाम सुटायला लागला, तेव्हा घरीच राहिला. विचारणाऱ्याला 'पाठ दुखते' हे उत्तर तयार असायचं. ड्रायव्हर माणूस गाडीला घाबरतो, हे कुणाला सांगणार?

या भीतीला वैद्यकात नाव आहे, अमॅक्सोफोबिया. ग्रीक भाषेत 'अमाक्सा' म्हणजे गाडा, त्यावरून ते आलं. नावाला फार महत्त्व देऊ नये, निदानाच्या वहीत तो 'विशिष्ट भयगंड' याच खात्यात जातो. भीती खऱ्या धोक्याच्या मानाने फार मोठी, सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेली आणि रोजच्या कामाला, कमाईला अडवणारी असली की तिला आजार म्हणायचं. अपघातानंतर तो प्रसंग जागेपणी डोळ्यांपुढे येत असेल, स्वप्नात येत असेल, माणूस सतत दचकत असेल, तर मात्र तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो आणि त्याच्यावर मानसोपचारतज्ज्ञाने उपचार करणं बरं. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि ४ लाख ४३ हजारांवर जखमी झाली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. जखमींच्या त्या आकड्यात हाडं आणि डोकी धरलेली असतात. माझ्या टेम्पोवाल्यासारखे लोक त्यात तीन टाक्यांपुरतेच.

आता कुणी म्हणेल, आमच्या भागात रस्त्याला न घाबरणारा वेडाच. खरं आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा आठ नंबर आणि आताचा ४८, आमच्या दोन तालुक्यांना मधून कापत जातो. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा देशभर या जागेचं नाव झालं. मागच्या सीटवर बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. इथल्या लोकांना त्या रस्त्याची ओळख त्याआधीपासून होती. तेव्हा भीती मुळात खोटी नाही. पण भीती आणि भयगंड यांत फरक आहे. भीती तुम्हाला पट्टा लावायला, हेल्मेट घालायला, वेग कमी करायला लावते आणि गाडी चालू देते. भयगंड पट्ट्याचं नावही काढत नाही, तो गाडीच बंद करतो. माझ्या पाहण्यात तर असेही आहेत, की जे गाडी चालवायला घाबरतात, पण भाड्याच्या जीपच्या मागच्या फळीवर लटकून बिनघोर जातात.

हे मेंदूत कसं घडतं? कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डला. धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं काम. अपघाताच्या क्षणी आसपास जे जे होतं, पाऊस, ओला डांबरी रस्ता, समोरचे दिवे, ब्रेकचा आवाज, ते सगळं तो धोक्याबरोबर बांधून ठेवतो. पुढे त्यातली एक गोष्ट जरी समोर आली तरी घंटा वाजते, आणि विचार करणारा मेंदू जागा होण्याआधी वाजते. डहाणू-तलासरीच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात धक्के सुरू झाले, लोक थंडीत घराबाहेर झोपले. त्या दिवसांत ट्रक जवळून गेला आणि पत्रे थरथरले तरी माणसं अंथरुणातून उठून अंगणात येत. ट्रक आहे हे कळायच्या आधी पाय उंबऱ्याबाहेर पडलेले असायचे. टेम्पोवाल्याचं तेच झालं होतं, फक्त त्याच्या बाबतीत चावी फिरवली की भूकंप.

घंटा वाजली की अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं. हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो, भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. रुग्णाला वाटतं आता चक्कर येऊन पडणार, स्टिअरिंग सुटणार. प्रत्यक्षात या धडधडीत रक्तदाब बहुधा वाढतो, आणि बेशुद्ध पडायला तो उतरावा लागतो. ही लाट काही मिनिटांत शिगेला पोचते आणि मग आपोआप उतरते. अडचण ही, की उतरेपर्यंत थांबतो कोण? माणूस गाडी बाजूला घेतो, चावी काढतो, खाली उतरतो. एकदम हलकं वाटतं. आणि ते हलकं वाटणं हेच या आजाराचं खतपाणी. मेंदू धडा शिकतो की गाडीपासून पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घंटा लवकर वाजते.

टेम्पोवाल्याच्या आईने त्याला आधी भगताकडे नेलं होतं. त्यावरून मी कुणाला बोलत नाही. भगत ऐकून घेतो, वेळ देतो, घरातल्यांना सोबत बसवतो. दोनशे केसपेपरच्या ओपीडीत आम्हाला ते क्वचित जमतं. पण तिथे त्याला सल्ला मिळाला, 'त्या जागेची बाधा आहे, तिकडे फिरकू नको.' या आजारात हा सल्ला नेमका उलटा पडतो. मित्रांनी दुसरा उपाय सुचवला, एक ग्लास ताडी. तो किती उलटा आहे हे लिहायची गरज नसावी, तरी लिहितो, कारण हा उपाय करून महामार्गावर जाणारे मला माहीत आहेत.

उपाय शंभर वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती घालवली. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा, मग रोज थोडा थोडा जवळ आणायचा. पुढे दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये पुस्तक लिहून ही पायरीपायरीची पद्धत नीट बसवली. तत्त्व तेच राहिलं आहे, भीतीच्या समोर ठरवून, थोडं थोडं उभं राहायचं आणि लाट उतरेपर्यंत जागा सोडायची नाही.

आमच्या टेम्पोवाल्याच्या पायऱ्या त्याने स्वतःच सांगितल्या, मी फक्त लिहून घेतल्या. प्रत्येक पायरीला शून्य ते दहा असे भीतीचे गुण द्यायचे. अंगणात बंद गाडीत बसणं, दोन गुण. इंजिन चालू करून बसणं, तीन. पहाटे रस्ता रिकामा असताना गंजाडहून आशागडपर्यंत, चार. डहाणूपर्यंत, बाजाराच्या वेळी, पाच. दुसऱ्या बाजूला चारोटी नाक्यापर्यंत जाऊन परत, सात. महामार्गावर उत्तरेला महालक्ष्मी मंदिरापर्यंत, आठ. दक्षिणेला सूर्येचा पूल ओलांडून मनोर, दहा. पुढे 'पावसात' असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि गुण मांडलेच नाहीत.

नियम दोनच होते. एक पायरी रोज, गुण निम्म्यावर येईपर्यंत, मगच पुढची. आणि धडधड झाली तर गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यायची, पण आतच बसून राहायचं, श्वास सावकाश सोडायचा, लाट उतरली की पुढे जायचं, मागे फिरायचं नाही. बंद गाडीत बसण्याची पायरी ऐकून भाचा हसला होता. पण पहिल्या दिवशी मामाला तिथे पंचवीस मिनिटं लागली, शर्ट भिजला, आणि भाच्याचं हसणं थांबलं.

चारोटी नाक्याच्या पायरीवर गाडी अडली. भाचा शेजारी असला की गुण तीन, नसला की आठ. याला आम्ही कुबडी म्हणतो. शेजारी माणूस हवा, खिशात गोळी हवी, सतत फोनवर कुणीतरी बोलत हवं, अशा कुबड्या असतात. त्यांच्यामुळे पाय चालतो, पण मेंदू श्रेय कुबडीला देतो. म्हणून ती हळूहळू काढावी लागते. भाच्याला आधी मागच्या हौद्यात बसवलं, मग मोटरसायकलवर मागून यायला सांगितलं, मग नाक्यावर चहाच्या टपरीवर वाट बघायला. (काचेला लटकवलेलं लिंबू-मिरची काढायला मी सांगितलं नाही. सगळ्याच कुबड्या अडवत नाहीत.) चार महिन्यांनी तो मनोरहून माल उतरवून परत आला आणि दवाखान्याच्या दारात गाडी लावून मला दाखवायला घेऊन गेला.

प्रत्येकाची भीती अपघातातून येते असं नाही. एका शिक्षिकेचं उदाहरण देतो. स्कूटर शिकल्या, परवाना काढला, अपघात कधीच नाही. शाळा पाड्यावर, शेवटची एसटी गेली की चालत यायचं, म्हणून गाडी घेतलेली. पण समोरून डंपर दिसला की हात गोठायचे. खोदून विचारल्यावर कळलं, शिकवणारे होते पतिराज आणि शिकवण्याची भाषा होती 'अगं ब्रेक! मरायचंय का?' माझं स्पष्ट मत आहे, नवऱ्याने बायकोला आणि बापाने लेकीला गाडी शिकवू नये, फी भरून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालावं. या बाईंना कुणी हळू आवाजात पुन्हा पहिल्यापासून शिकवणं एवढंच हवं होतं. तो आजारच नव्हता, अर्धवट राहिलेलं शिक्षण होतं.

आणि काहींचं दुखणं तिसरंच निघतं. पन्नाशीनंतर 'रात्री गाडीची भीती वाटते' म्हणणाऱ्याचे डोळे आधी तपासावेत. मोतीबिंदूत समोरचे दिवे फुटून पसरतात, आणि ती भीती अगदी योग्य असते. थायरॉइड वाढलेलं असेल तर धडधड आणि थरथर गाडीविनाही होते. मधुमेहाच्या गोळ्यांवर साखर उतरली तर घाम आणि घबराट अगदी अशीच असते. कानाचा तोल बिघडल्याने येणारी चक्कर, फिट, हे सगळं बाजूला केल्याशिवाय 'मनाचं आहे' म्हणू नये. फिट येत असेल तर गाडी चालवण्याचा सरावच नको.

औषधांबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगतो. मेडिकलवरून कुणाच्या तरी चिठ्ठीवर आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी घेऊन गाडी चालवू नका. झोप येते, ब्रेकवर पाय जायला उशीर होतो, सवय लागते. शिवाय गोळीच्या धुंदीत केलेला सराव मेंदूत नीट मुरत नाही. नैराश्य किंवा वारंवार पॅनिकचे झटके सोबत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ वेगळी औषधं देतात, ती त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारी रुग्णालयांमार्फत चालतो, तज्ज्ञ कुठल्या वारी येतात ते जवळच्या दवाखान्यात विचारावं. आणि १४४१६ हा 'टेलिमानस'चा फोन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, मराठीत, रात्रीही. पाड्यावरून जिल्ह्याच्या गावी जायला निम्मा दिवस आणि एक रोज बुडतो, त्या माणसासाठी ही सोय मोठी आहे.

टेम्पोवाला यंदा जूनमध्ये परत आला. पहिल्या पावसात चारोटीच्या अलीकडे छाती पुन्हा धडधडली होती, सगळं फुकट गेलं असं त्याला वाटत होतं. फुकट गेलं नव्हतं. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी आठवण बसते, आणि ओल्या रस्त्याची नवी आठवण अजून तयारच व्हायची होती. त्याला दोन पायऱ्या खाली उतरवलं. आशागड, डहाणू, पुन्हा चारोटी, या वेळी वायपर चालू ठेवून. तीन आठवड्यांनी केसपेपरवर त्याने पावसापुढे गुण लिहिले, सहा. रात्रीची मुंबईची भाडी तो अजूनही भाच्याला देतो. विचारलं तर म्हणाला, 'साहेब, रात्री आता मला झोप येते.' ते मी आजारात धरलेलं नाही.