दुसरा राउटर जोडताना

फायबरवाल्याचा डबा हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत रेंज नाही, ही जाड भिंतींच्या घरांतली नेहमीची तक्रार. दुसरा राउटर हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मात्र वायर कोणत्या पोर्टला लावता, यावर पुढचे बरेच काही ठरते.

नव्या राउटरच्या ‘वॅन’ पोर्टला लावली, तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. इंटरनेट मिळते, पण हॉलमधला प्रिंटर आतल्या लॅपटॉपला सहसा सापडत नाही. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर इंटरनेटही अडते.

म्हणून आधी नव्या राउटरचा पत्ता बदला. जुना डबा जे पत्ते वाटतो त्यांच्याबाहेरचा, पण त्याच मालिकेतला एखादा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग नव्यातले डीएचसीपी बंद करा आणि दोन्हीकडे ‘लॅन’ पोर्ट वापरून वायर जोडा. फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचे काम एकट्या जुन्या डब्याकडे राहते. अनेक राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो निवडला की ही खटपटच वाचते.

वायर कॅट ५ई घ्या. ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देते. २.४ गिगाहर्ट्झवर एका राउटरला चॅनेल १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या.

कंपनीच्या डब्याचे रीसेट बटण मात्र दाबू नका. त्यातली जोडणीची माहिती पुसली गेली, तर नेट सुरू करायला कंपनीचाच माणूस बोलवावा लागतो.