दोन ताऱ्यांचा ग्रह आणि गुच्छातील गर्दी

मे महिन्याच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास रायगड जिल्ह्यातील रामवाडीहून दक्षिणेकडे पाहिल्यास वृश्चिक राशीतील तांबूस ज्येष्ठा सहज ओळखता येते. तिच्या पश्चिमेस लगतच, द्विनेत्रीतून धूसर ठिपक्यासारखा दिसणारा 'एम ४' हा तारकागुच्छ आहे. सुमारे सहा हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या या गुच्छात एक ग्रह दोन ताऱ्यांभोवती फिरतो. त्यांपैकी एक त्याचा जन्मदाता, तर दुसरा उपरा!

या जोडीतील स्पंदक तारा १९८८ मध्ये सापडला. तो सेकंदाला सुमारे ९० वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याचा साथीदार श्वेतबटू तारा हबल दुर्बिणीच्या साह्याने २००३ मध्ये ओळखला गेला आणि ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या सुमारे अडीचपट असल्याचे निश्चित झाले.

शास्त्रज्ञांच्या मते, हा ग्रह मूळचा सूर्यासारख्या एका ताऱ्याचा. गुच्छाच्या दाट गाभ्याकडे सरकताना त्या ताऱ्याची एका न्यूट्रॉन ताऱ्याशी गाठ पडली. झटापटीत न्यूट्रॉन ताऱ्याचा जुना साथीदार बाहेर फेकला गेला व हा तारा ग्रहासह त्याच्या जागी आला. पुढे तोच श्वेतबटू झाला.

साथीदारांची अशी अदलाबदल अपवादात्मक नाही. नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने 'एनजीसी १८५१' गुच्छात शोधलेल्या स्पंदकाची माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची अतिलांबट कक्षाही अशाच अदलाबदलीची खूण मानली जाते.

ग्रह मात्र नेहमीच बचावतो असे नाही. नव्या साथीदाराची कक्षा ग्रहाच्या कक्षेशी सुमारे ३९ अंशांहून अधिक कललेली असेल, तर ग्रहाची कक्षा आळीपाळीने लांबट व गोलाकार होत राहते. जपानी शास्त्रज्ञ कोझाई यांनी १९६२ मध्ये लघुग्रहांच्या संदर्भात हे गणित मांडले. अनेक ग्रह असल्यास त्यांच्या कक्षा एकमेकींना छेदू लागतात आणि एखादा ग्रह कायमचा बाहेर फेकला जातो.

सूर्यही एका गुच्छातच जन्मला, असे मानले जाते. तो गुच्छ केव्हाच विखुरला. पृथ्वीची जवळपास वर्तुळाकार कक्षा पाहता, त्या गर्दीत सूर्याला असा साथीदार भेटला नसावा. आपले ऋतू नेमाने येतात, त्यामागे हे भाग्यही आहे.